‘सगळं चालतं’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, काय चालतं?

गेल्या अंकात जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टम टाकण्याबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी एक वाक्य जाता जाता टाकलं होतं, की मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांनी विंडोज लगेच उडवू नये. बाकी लेख राहिला बाजूला, पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. काही विचारणारी, काही झापणारी. म्हणून यावेळचं सदर पूर्ण गेमिंगलाच देऊन टाकतो.

प्रश्न: दादा, माझा लॅपटॉप सातव्या पिढीचा आय५ आहे, जीटीएक्स १०५० कार्ड. विंडोज ११ घेतच नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट तर संपला. हॉस्टेलवरचा एक सिनियर म्हणतो लिनक्स टाक, आता सगळे गेम चालतात. मी व्हॅलोरंट, सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) आणि जीटीए ५ ऑनलाइन खेळतो, सुट्टीत विचर ३. टाकू का?
— इंजिनिअरिंग दुसरं वर्ष, नाशिक

तुझा सिनियर खोटं बोलत नाहीये, फक्त तो काय खेळतो ते त्याने तुला सांगितलेलं नाही. तू चार गेम लिहिलेस ते बरं झालं, कारण लिनक्सवर गेम चालतात का या प्रश्नाला उत्तरच नसतं, अमुक गेम चालतो का याला असतं.

विचर ३ मजेत चालेल. सीएस२ तर व्हॉल्वने, म्हणजे स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या कंपनीने, लिनक्ससाठी स्वतःच काढलाय, पण तू फेसइट या सामन्यांच्या साइटवर खेळत असशील तर तिथे त्यांचा वेगळा अँटी-चीट, म्हणजे चीटर पकडणारा प्रोग्रॅम, लागतो आणि तो फक्त विंडोजवर आहे. जीटीए ५ ची स्टोरी चालते, ऑनलाइन नाही. आधी चालायचं, लोक स्टीम डेकवरसुद्धा (व्हॉल्वचा हातात धरून खेळायचा, लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर) खेळायचे, पण सप्टेंबर २०२४ मध्ये ते बनवणाऱ्या रॉकस्टारने त्यात बॅटलआय हा अँटी-चीट घातला आणि लिनक्सवाले एका अपडेटमध्ये बाहेर. आणि व्हॅलोरंट विसर. म्हणजे काही सेटिंग करून, काही जुगाड करून जमेल असं पण नाही, सरळ विसर.

कारण समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला विचारायला लागणार नाही. विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो तो प्रोटॉनमुळे. वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे, त्याच्यावर व्हॉल्व आणि कोडवीव्हर्स यांनी मिळून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणला. गेम विंडोजकडे जे काही मागतो ते हा मधल्या मध्ये लिनक्सच्या भाषेत फिरवून देतो, आणि डायरेक्टएक्स या विंडोजच्या पद्धतीतलं ग्राफिक्सचं काम डीएक्सव्हीके नावाचा भाग वल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या पद्धतीत करून देतो. गेमला कळतही नाही आपण कुठे आहोत. पण व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा अँटी-चीट गेमसारखा वर बसत नाही, तो विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून घुसतो, मशीन चालू झाल्यापासून. आता जिथे विंडोजचं कर्नलच नाही तिथे तो घुसणार कुठे? लीग ऑफ लेजंड्स कित्येक वर्षं लिनक्सवर चालत होता, २०२४ च्या मे महिन्यात त्यालाही व्हॅनगार्ड लावला आणि तिथेही दार बंद.

तेव्हा तुला माझं सांगणं, ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही. लिनक्स टाक, कॉलेजचं काम, कोडिंग, विचर तिकडे, आणि व्हॅलोरंट जोपर्यंत विंडोज १० वर चालतोय तोपर्यंत तिथे, पण त्या विंडोजवर बँकेचं काही उघडू नकोस आता. आणखी एक, तुझं कार्ड पास्कल पिढीचं आहे, एनव्हिडियाने त्या पिढीसाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर मालिका ठरवलीये. त्यामुळे रोज नवनवीन अपडेट देणाऱ्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांना डिस्ट्रो म्हणतात) नादी लागू नकोस, मिंट घे आणि ५८० वर गप बस. डायरेक्टएक्स १२ चे नवे गेम या कार्डावर लिनक्समध्ये विंडोजपेक्षा चांगलेच मार खातात हेही धरून चाल.

प्रश्न: विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलंय. गेम्स डी ड्राइव्हवर आहेत, ३०० जीबी. परत डाउनलोड नको म्हणून लिनक्सच्या स्टीमला तोच ड्राइव्ह दाखवला. गेम दिसतात, प्ले दाबलं की दोन सेकंद ‘रनिंग’ येतं आणि परत हिरवं बटण. काहीच एरर नाही.
— अहिल्यानगर

हा प्रश्न दर महिन्याला कोणाचा ना कोणाचा येतोच. तुमचा डी ड्राइव्ह एनटीएफएस आहे, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटा सी ड्राइव्ह बनवतो आणि त्यात चक्क ‘सी’ पुढे कोलन अशा नावाची लिंक ठेवतो, विंडोजच्या डिस्कवर असलं नाव बसत नाही, तिथे गाडी अडते. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तुम्ही बंद केलेलं विंडोज खरं बंद झालेलंच नसतं, मग लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचायला उघडतं, लिहू देत नाही. काहीजण कंपॅटडेटा, म्हणजे हे खोटे सी ड्राइव्ह जिथे असतात तो फोल्डर, लिनक्सच्या पार्टिशनवर ठेवून तिकडे लिंक मारतात आणि चालवतात, चालतंही, पण एखाद्या दिवशी विंडोजने डिस्क तपासायला घेतली की बसा रडत. सरळ शंभर-दीडशे जीबीचं ईएक्सटी४ (लिनक्सच्या पद्धतीचं) पार्टिशन करा आणि खेळता तेवढेच दोन-तीन गेम तिकडे कॉपी करा. परत डाउनलोड करायची गरज नाही, फाइल्स योग्य जागी दिसल्या की स्टीम फक्त तपासून घेतं.

आणि तुमची डिस्ट्रो उबुंटू असेल तर स्टीम स्नॅपमधून, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेज पद्धतीतून, घेतलंय का बघा. घेतलं असेल तर काढून व्हॉल्वच्या साइटवरचं डेब पॅकेज टाका. व्हॉल्वच्या माणसांनीच २०२४ मध्ये लोकांना सांगितलं होतं की स्नॅपवाल्याच्या तक्रारी फार येतायत, ते वापरू नका.

प्रश्न: मुलाने दहावीच्या सुट्टीत घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं. म्हणतो गेम खेळत नाही, शिकतोय. रात्री एक वाजेपर्यंत काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं बघत बसतो. खरंच शिकतोय का? आणि माझ्या भिशीच्या एक्सेल फाइल्स कुठे गेल्या?
— एक आई, डोंबिवली

ताई, गेमच चालवायचा प्रयत्न करतोय तो. पण शिकतोय हेही खरं, कारण ती पांढरी अक्षरं म्हणजे गेम का बंद पडला त्याची नोंद असते आणि त्यातली एक कामाची ओळ शोधायला डोकं लागतं. एक वाजता झोपत असेल तर अकराला झोपवा, बाकी काळजी नको.

फाइल्सचं मात्र आजच विचारा. त्याने डिस्क पूर्ण पुसली असेल आणि आधी कॉपी काढली नसेल तर त्या डिस्कवर आता नवीन काही टाकू देऊ नका, कॉम्प्युटर बंद करून रिकव्हरीवाल्याकडे न्या. जितकं वापराल तितकं परत मिळणं अवघड. कॉपी असेल तर लिब्रेऑफिसमध्ये भिशीचा हिशोब व्यवस्थित उघडेल.

प्रश्न: मी लिनक्सच्या एका ग्रुपवर विचारलं की गेम सुरू होत नाही, काय करू. पहिलं उत्तर, गुगल येत नाही का. दुसरं, उबुंटू वापरणाऱ्यांचं असंच होतं, आर्च टाक. तिसऱ्याने लिहिलं माझ्याकडे तर चालतंय. चौथ्याने विचारलं की मुलगी आहेस का. मी पोस्ट काढून टाकली. हे लोक असे का असतात? फुकट आहे म्हणून इतका माज?
— कोल्हापूर

चौथ्याबद्दल काही समजावून सांगण्यासारखं नाही, त्याला ब्लॉक कर आणि ॲडमिनला कळव, ॲडमिन काही करत नसेल तर तो ग्रुप सोड. पहिल्या तिघांबद्दल बोलू.

२०२१ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट आहे. लायनस टेक टिप्स हा केवढा मोठा यूट्यूब चॅनल, त्याच्या लायनस सेबॅस्टियनने ठरवलं की घरच्या मशीनवर लिनक्स टाकून गेमिंग करून बघायचं. त्याने पॉप ओएस ही डिस्ट्रो घेतली, गेमिंगसाठी चांगली म्हणून सगळे सांगत होतेच. स्टीम टाकायला गेला, सॉफ्टवेअर स्टोअरमधून टाकेना, म्हणून लोक सांगतात तसं टर्मिनलमधून, म्हणजे हुकूम टाइप करून, टाकलं. तिथे पॅकेजमध्ये गडबड होती, त्यामुळे सिस्टमने भलीमोठी यादी दाखवली की हे सगळं काढावं लागेल, आणि खाली लिहिलं की हे घातक ठरू शकतं, पुढे जायचं असेल तर ‘हो, मी सांगतो तसं कर’ असं इंग्रजीत पूर्ण वाक्य टाइप करा. त्याने केलं. डेस्कटॉपच उडाला, उरली काळी स्क्रीन.

आता बघ, यावर काय काय झालं. एक गट तुटून पडला की समोर लिहिलं होतं ते वाचलं का नाही, चूक त्याचीच, विंडोजवाल्यांना वाचायची सवय नसते वगैरे वगैरे. अरे पण माणूस स्टीम टाकत होता, बाकी काय करत होता? स्टीम टाकताना डेस्कटॉप जाईल असं कोणाच्या डोक्यात येईल? आणि त्याच वेळी दुसरा गट, जो फार बोलत नव्हता, तो कामाला लागला होता. पॅकेज दुरुस्त झालं, पॉप ओएसवाल्यांनी ते वाक्य टाइप करून पुढे जायची सोय बंद केली आणि मूळ ॲप्टमध्येही, म्हणजे पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅममध्येही, तसा बदल आला. तुला उत्तर देणारे पहिल्या गटातले होते. दुसऱ्या गटातले असल्या घाणेरड्या भांडणात उतरतच नाहीत, त्यामुळे नव्या माणसाला ते दिसतच नाहीत, ही खरी पंचाईत आहे.

माज कुठून येतो म्हणशील तर, मला वाटतं थोडा इतिहासातून येतो. स्टीम लिनक्सवर आलं २०१३ ला, त्याआधी गेम चालवायचा म्हणजे आठवडाभर वाइनशी झटापट. मग २०१५ ला स्टीम मशीन्स, म्हणजे लिनक्सवर चालणारे तयार गेमिंग कॉम्प्युटर, आल्या, गाजावाजा झाला आणि आपटल्या. इतकं सगळं बघितलेल्या लोकांना आताची सोय म्हणजे स्वर्ग वाटतो, आणि तू त्या स्वर्गात येऊन तक्रार केलीस की त्यांना ते अंगावर आल्यासारखं वाटतं. कारण कळलं म्हणून वागणं बरोबर ठरत नाही, ते सोड. पण ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. चालतंय तर कोणत्या कार्डावर, कोणत्या ड्रायव्हरवर, प्रोटॉनचं कोणतं व्हर्जन, तीन महिन्यांपूर्वी काय सेटिंग केलं होतंस जे आता तुलाच आठवत नाही, हे सांग ना बाबा. प्रोटॉनडीबी या साइटवर, जिथे लोक कोणता गेम प्रोटॉनवर कसा चालला ते लिहितात, पण हेच दिसतं. तिथे प्लॅटिनम म्हणजे काहीही न करता मस्त चाललं, मग गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि शेवटी बोर्क्ड म्हणजे बोंबललं. उघडून वाचायला लागलं की एखाद्याने कौतुकाचे ढीग लावलेले असतात आणि खाली बारीक टीप, की कटसीन (गोष्ट सांगणारे मधले प्रसंग) काळे दिसतात पण त्याने काही बिघडत नाही. अरे, गोष्टीचा गेम आहे तो, कटसीनच दिसत नाहीत तर बघायचं काय? म्हणून वरचं पदक बघू नकोस, तुझ्यासारखं कार्ड असलेल्या माणसाचं गेल्या महिन्या-दोन महिन्यांतलं मत शोध.

आणि परत विचारशील तेव्हा असं विचार: मिंट २२, जीटीएक्स १६५०, ड्रायव्हर ५५०, प्रोटॉन ९, गेम उघडतो, कंपनीचा लोगो दिसतो, मग काळी स्क्रीन पण आवाज येतो, प्रोटॉन एक्सपेरिमेंटल लावून बघितलं, तेच. असं लिहिलं की ते न बोलणारे लोक बोलतात. त्यांना कोडं आवडतं. डीएक्सव्हीके तरी कसा जन्मला, फिलिप रेबोले नावाच्या जर्मन मुलाला नियर ऑटोमाटा लिनक्सवर खेळायचा होता, चालत नव्हता, म्हणून त्याने लिहायला घेतला. नंतर व्हॉल्वने त्याला पैसे देऊन कामावर घेतलं. आज विंडोजचा कुठलाही गेम तू लिनक्सवर लावलास की बहुतेक वेळा त्या पोराच्या हट्टावरच खेळतेस. पुण्यामुंबईत लिनक्स यूजर ग्रुप आहेत, जमलं तर कधी प्रत्यक्ष भेटीला जा, समोरासमोर लोक बरेच सरळ वागतात.

प्रश्न: आपला गेल्या अंकातला लेख वाचला. ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांनी विंडोज ठेवावं, हा सल्ला म्हणजे मक्तेदारीची भलामण आहे. लोकांनी असे गेम खेळणंच सोडलं पाहिजे. तसंच प्रोटॉन ही कुबडी आहे, तिच्यामुळे कंपन्या लिनक्ससाठी गेम बनवत नाहीत. जो गेम लिनक्ससाठी बनलेला नाही तो मी विकत घेत नाही.
— १९९९ पासून लिनक्स वापरणारा, पुणे

आपण घेत नाही यात मला काहीच म्हणायचं नाही, तत्त्व पाळणारा माणूस आहे म्हटल्यावर आदरच आहे. पण नाशिकच्या त्या मुलाचे चार मित्र चार गावांना गेलेत आणि रात्री दहा वाजता त्यांची भेट व्हॅलोरंटमध्ये होते, त्याला मी कट्ट्यावर जाऊ नकोस असं कसं सांगू? त्याने लिनक्स टाकलं, मित्र गेले, तर आठ दिवसांत तो लिनक्सच काढेल आणि वर दहा जणांना सांगेल की भंगार आहे.

कुबडीबद्दल. कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळं बनवलं तेव्हा काय झालं तेही आपण बघितलंय की. रॉकेट लीग लिनक्सवर होता, मार्च २०२० मध्ये सपोर्ट काढून घेतला. रस्टने त्याआधीच काढला होता. इतर कंपन्यांनी करून दिलेले कितीतरी जुने पोर्ट (लिनक्ससाठी केलेल्या आवृत्त्या) पुढच्या अपडेटविना तसेच पडलेत, आणि लोक स्टीममध्ये मुद्दाम विंडोजची आवृत्ती निवडून प्रोटॉनवर लावतात कारण ती जास्त नीट चालते. हे मला आवडतं असं नाही, पण आहे हे असं आहे.

खरा राग धरायचा तर अँटी-चीटवर धरा, तिथे मी आपल्याबरोबर आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही अँटी-चीटवाल्यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनला सपोर्ट दिला, चालू करायचं की नाही ते गेम बनवणाऱ्याच्या हातात ठेवलं. काहींनी केलं, बऱ्याचजणांनी नाही केलं, आणि एपेक्स लेजंड्सने तर चालू केलेलं ३१ ऑक्टोबर २०२४ ला बंद केलं, लिनक्समधून चीटर फार येतात म्हणून. आता लिनक्सवर चीट पकडणं अवघड आहे हे खोटं नाही, ज्या कर्नलचा सोर्स कोणीही बदलू शकतो त्याच्यावर गेमने विश्वास ठेवायचा कसा हा प्रश्न खराच आहे, आपल्या बाजूचे लोक तो हसून उडवतात ते बरोबर नाही. पण मूठभर चीटरांसाठी प्रामाणिक लोकांना सरसकट काढणं हा पण काही न्याय नाही, आणि विंडोजवर कर्नलमध्ये बसून सगळ्या मशीनवर नजर ठेवणारे ड्रायव्हर आहेत तिथेही चीटर संपलेले नाहीतच.

स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सवाले पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये, आणि त्यात स्टीम डेकचा, म्हणजे त्या कुबडीचाच, मोठा वाटा आहे. शंभरातल्या तिघांनी बहिष्कार टाकल्याचं कंपनीला कळतसुद्धा नाही हो, सहा-सात झाले तर कदाचित कळेल.

प्रश्न: मी गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटा गेम बनवतोय, कोडं सोडवायचा, एकट्याने. लिनक्सचं बिल्ड, म्हणजे लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती, देऊ का? मित्र म्हणतो लिनक्सवाले घेतात चार आणि तक्रारी करतात चारशे.
— सांगली

मित्र अर्धवट बरोबर आहे. डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न हा गेम पण गोडोमध्येच बनलाय, त्याच्या बनवणाऱ्याने २०२१ मध्ये आकडे जाहीर केले होते. साधारण १२,००० प्रती विकल्या, त्यातल्या ७०० च्या आसपास लिनक्सवाल्यांना. बग रिपोर्ट आले हजारावर आणि त्यातले ४०० च्या घरात या सातशेंकडून. मित्राला वाटतं तसंच. पण पुढे बघ, त्या चारशेंपैकी फक्त लिनक्सवरच येणारे बग निघाले तीन. बाकीचे सगळ्यांनाच येत होते, विंडोजवाल्यांनी फक्त गेम बंद केला आणि गप्प बसले, यांनी लॉग (गेमने लिहिलेली बिघाडाची नोंद) जोडून, केव्हा येतो केव्हा नाही ते लिहून पाठवलं. फुकटात टेस्टर मिळतायत तुला. वरच्या कोल्हापूरच्या पत्रातले आणि हे, दोन्ही एकाच जमातीतले बरं का.

गोडोमध्ये लिनक्स एक्सपोर्ट करायला वेगळं काम जवळपास नाहीच, पण फाइलच्या नावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं नीट तपास, विंडोजवर खपून जातं, लिनक्सवर चित्रच सापडत नाही. आणि स्टोअरच्या पानावर लिनक्स लिहायचं असेल तर एकदा खऱ्या लिनक्स मशीनवर शेवटपर्यंत खेळून बघ. तेवढा वेळ नसेल तर नुसतं विंडोजचं बिल्ड दे, ते प्रोटॉनवर चालवतील आपलं आपण. अर्धवट लिनक्स बिल्ड देऊन नंतर वाऱ्यावर सोडलंस तर मग मात्र ती चारशे पत्रं येतील, आणि त्यात लॉग नसतील.

प्रश्न: मी आयर्लंडला असते. साताऱ्याच्या भाच्याला दिवाळीला स्टीम डेक आणू का? तिकडे चालेल ना?
— डब्लिन

आणा, पण आधी तो काय खेळतो ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि एकेक नाव प्रोटॉनडीबीवर टाकून बघा. फ्री फायर आणि बीजीएमआय लिहिलं तर आणू नका, ते फोनचे गेम आहेत. एकट्याने खेळायचे गेम असतील तर मजा आहे त्याची. भारतात स्टीम डेक अधिकृतपणे विकला जात नाही, त्यामुळे बिघडला तर परत तुमच्याकडेच पाठवावा लागेल, बिल जपून ठेवा. चार्जर ४५ वॅटचा टाइप-सी आहे, आपल्या सॉकेटसाठी ॲडॉप्टर लागेल. स्टीमचं खातं त्याचं त्यालाच भारतातून उघडू द्या, गेम रुपयात पडतात. आणि साताऱ्याला घरी वायफाय कसं आहे ते विचारून घ्या, नसेल तर दोन-चार मोठे गेम त्याला त्याच्या खात्यावर इथूनच घ्यायला सांगा आणि तुम्ही तिकडे डाउनलोड करून, एकदा उघडून बघून मग द्या. कस्टममध्ये विचारलं तर बिल दाखवा, खोका फोडून कपड्यांत गुंडाळून आणायच्या भानगडीत पडू नका.